ताटातुटीचा रकाना

"थांबवा," कात्रीबाई म्हणाल्या. "तेवढं परत दाखवा. खिडकीपासून."

मागच्या काचेआड बसलेल्या प्रोजेक्टरवाल्याने मान डोलावली आणि चित्र मागे नेलं. पडद्यावर वादळीण पुन्हा मुलीच्या खोलीत आली. वादळीण म्हणजे दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी आणि शहरावर संकट आलं की एका फुंकरीत ट्रक उडवणारी बाई. तिने निजलेल्या लेकीचं पांघरूण सारखं केलं, खिडकीच्या चौकटीवर पाय दिला आणि मागे न बघता आभाळात झेपावली. लेक निजलेली नव्हतीच. ती उठली, खिडकीशी आली आणि रिकाम्या आभाळाकडे बघत उभी राहिली. संगीत नाही, बोलणं नाही. अशी बेचाळीस सेकंदं.

"एकशे सत्तावीस ठोसे, नऊ स्फोट, रक्त शून्य," शेजारून हेडमास्तर म्हणाले. हे निवृत्त शिक्षक समितीचे दुसरे सभासद. ठोसे मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. चष्मा पुसता पुसताही त्यांचा ठोसा चुकत नसे. "आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत याहून जास्त व्हायचे. दाखला 'सर्वांसाठी'. करू सही?"

"जरा थांबा. चहा तरी येऊ द्या."

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण परत लावलं. चहा येऊ द्या म्हणजे बाईंचं कुठेतरी अडलंय, हे त्यांना सवयीने माहीत होतं.

मुलांसाठी आलेलं प्रत्येक चित्र बघायचं आणि ते मुलांना दाखवण्याजोगं आहे की नाही ते सांगायचं, ही बाईंची सव्वीस वर्षांची नोकरी. नाव पडलं होतं कात्रीबाई. खरं तर इतक्या वर्षांत त्यांनी कापलेलं सगळं एकापुढे एक जोडलं, तर एक कप चहा संपेपर्यंतही पुरलं नसतं. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. 'वादळीण' हे त्यांचं शेवटचं चित्र.

या कामात एक मोठी गंमत होती. नियमानुसार बघण्याच्या खोलीत लहान मूल आणायला सक्त मनाई. म्हणजे मुलं कशाला भितात, हे मोठ्या माणसांनीच अंधारात बसून ठरवायचं. बाईंनी यावर पहिल्याच महिन्यात तोड काढली होती. घरून त्यांनी लेकीची बालवाडीतली निळी खुर्ची आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. वर पर्स ठेवायच्या, त्यामुळे कुणी विचारलं तर पर्ससाठी आहे असं सांगता यायचं. पण चित्र सुरू झालं की बाईंच्या मनातली पाच वर्षांची लेक त्या खुर्चीत येऊन बसायची. ती दचकली की बाई वेळ टिपून घ्यायच्या.

आणि ती सगळ्यात जास्त कशाने दचकते, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. नवरा दूरच्या गावी नोकरीला, त्यामुळे लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून निघायचं. रोज सकाळी दारात तेच. पायाला मिठी, नाक लाल, शेवटी काकू बोटं सोडवणार. रडण्याचा आवाज कानात घेऊन बाई जिना उतरायच्या आणि दुसऱ्यांची मुलं कशाने रडतील ते ठरवायला ऑफिसात येऊन बसायच्या. छापील फॉर्मवर तेव्हा चार रकाने होते: हाणामारी, भीती, भाषा, अनुकरण. बाईंनी पेन्सिलीने पाचवा आखला, 'ताटातूट'. साहेबांनी नवे फॉर्म छापताना तोही छापून टाकला. आई मूल सोडून चाललीय असं काही दिसलं की त्या रकान्यात बाईंची खूण पडणारच.

चहा झाल्यावर त्यांनी बाहेर बसलेल्या दिग्दर्शिकेला आत बोलावलं. पोरगी तिशीची असेल. डोळ्यांवरून दिसत होतं की महिनाभर धड झोप नाही.

"ठोसे कमी करू का, बाई? स्फोट दोन आहेत शेवटी, ते काढते."

"अहो, स्फोटांनी काही होत नाही मुलांना. स्फोट झाला की खिदळतात. ती खिडकी बघा. बेचाळीसची दहा सेकंदं करा, सर्वांसाठीचा दाखला आत्ताच्या आत्ता देते. नाहीतर मला 'पालकांसोबत' लिहावं लागेल."

"दहा सेकंदात ती खिडकीपर्यंत पोचत पण नाही."

"पोचायलाच नको."

पोरगी हळूच म्हणाली, "सोमवारपासून सुट्ट्या आहेत. पालकांसोबत म्हटलं तर शाळा मुलांना आणणार नाहीत, आणि शाळा नाही आल्या तर आमचं चित्र आठवडाभर पण टिकणार नाही. चार वर्षं केलंय हो आम्ही हे. तुम्ही सांगाल तर कापते. पण ते कापलं की माझ्याकडे नुसती ट्रक उडवणारी बाई उरते."

बाईंना ती आवडली. हीच तर पंचाईत होती.

"उद्या अकराला सांगते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या लेकीकडे गेल्या. लेक आता एकतीस वर्षांची, आणि तिची लेक पाच वर्षांची. नात बापाचा रेनकोट पाठीला बांधून सोफ्यावरून उड्या मारत होती.

"आजी, तू आज किती मारामाऱ्या बघितल्यास?"

"एकशे सत्तावीस."

"बापरे! आणि तुला एकपण नाही लागली?"

"नाही गं बाई. मी लांब बसते."

नात पटल्यासारखी पुन्हा सोफ्यावर चढली. बाई स्वयंपाकघरात गेल्या. चित्राची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता, तेव्हा आडवळणाने विचारलं, "मी ऑफिसला निघाले की तू फार रडायचीस. आठवतं का काही?"

लेकीने भांडी विसळता विसळता हसून मागे बघितलं. "आठवतं ना. काकू बिस्कीट द्यायच्या."

"कसलं बिस्कीट?"

"गप्प बसायचं. क्रीमचं. न रडता दिलं असतं का त्यांनी? जिन्यातला तुझ्या चपलांचा आवाज थांबला की माझं रडणं पण बंद."

बाई स्टुलावर बसल्या. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं त्या खुर्चीतल्या मुलीच्या जिवावर त्यांनी खुणा केल्या होत्या, आणि ती मुलगी तिकडे क्रीम चाटत बसली होती. आधी त्यांना राग आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. कुणी तरी पाठीवरचं ओझं न विचारता उतरवून ठेवावं, तसं झालं.

"अगं, मी बसमध्ये रडायचे रोज! आणि तू बिस्किटं खायचीस?"

"दोन खायचे. मग खिडकीत जायचे."

"खिडकीत कशाला?"

लेकीने नळ बंद केला. "तुला बघायला. तू भराभरा चालायचीस, पर्स काखेत घट्ट. मला वाटायचं, आई कुठल्या तरी मोठ्या कामाला चाललीय. लई भारी वाटायचं मला." तिने ओले हात पुसले. "फक्त कोपऱ्यावर तू एकदा वळून बघशील असं वाटायचं. कधी बघितलं नाहीस."

"वळले असते तर तू जास्त रडली असतीस."

"अगं, रडत नव्हतेच ना मी तेव्हा."

बाईंनी विसळलेल्या बशा पुसून फळीवर लावल्या.

निघताना दारात नातीचा पापा घेतला, भराभरा जिना उतरल्या, कोपरा ओलांडला, बसमध्ये चढल्या, तिकीट काढलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आजही आपण वळून बघितलं नाही. जुनी सवय, पाय आपले सरळ निघून आले. 'शाबास,' त्या मनाशी म्हणाल्या, 'आता तरी शहाण्या व्हा, कात्रीबाई.'

दुसऱ्या दिवशी त्या दहालाच ऑफिसात पोचल्या. प्रोजेक्टरवाल्याला सांगून त्यांनी ती बेचाळीस सेकंदं पुन्हा लावली आणि या वेळी निळ्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. पडद्यावरची मुलगी उठली, खिडकीशी आली. बाई पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघत होत्या. आजवर त्या निघून जाणाऱ्या आईकडेच बघत आल्या होत्या. मुलगी घाबरलेली नव्हतीच. आई दिसेनाशी झाली तरी ती टाचा उंचावून तिकडेच बघत होती, आणि चाळिसाव्या सेकंदाला तिच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू होतं. या रकान्यापायी असं किती हसू आपल्या हातून निसटलं असेल, हे आता मोजता येणार नव्हतं.

अकरा वाजता त्यांनी फॉर्म भरला. हाणामारी, सौम्य. भीती, नाही. भाषा, ठीक. अनुकरण, ट्रक उडवणं मुलांना जमणार नाही. आणि ताटातुटीच्या रकान्यात लिहिलं, 'आहे. असू द्यावी.'

हेडमास्तरांनी सहीआधी ते दोनदा वाचलं. "बाई, ही सरकारी भाषा नाही."

"नसू दे. आठ दिवसांनी मी पण सरकारी नाही."

हेडमास्तर हसले आणि त्यांनी सही ठोकली. दिग्दर्शिकेने बाहेर तो कागद हातात घेतला, वाचला आणि तिथेच बाकावर बसून घळाघळा रडली. बाईंनी तिला कपाटातला बिस्किटांचा पुडा दिला.

निरोपाच्या दिवशी ऑफिसने बाईंना शाल आणि घड्याळ दिलं. बाईंनी साहेबांना विचारून निळी खुर्ची घेतली आणि ती काखेत मारून थेट लेकीकडे गेल्या. नातीने लगेच तिच्यावर कब्जा केला आणि आजीला समोर जमिनीवर बसवून सगळ्या मारामाऱ्या करून दाखवल्या. आजीने एकही मोजली नाही.

दिवस कलला तशा बाई निघाल्या. शाल आणि घड्याळ त्या लेकीकडेच विसरल्या होत्या. हात मोकळे होते. त्या सवयीने भराभरा चालू लागल्या, मग मुद्दाम हळू झाल्या. कोपऱ्यावर भाजीवाल्याच्या गाडीपाशी त्या थांबल्या आणि वळल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत निळ्या खुर्चीवर चढून नात दोन्ही हात हलवत होती. तिच्या मागे लेक उभी होती. बाई वळलेल्या बघून लेकीचा हात अर्धवट वर गेला आणि तिथेच राहिला.

"काय पाहिजे, मावशी?" भाजीवाल्याने विचारलं.

"काही नको," बाई म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.