उजव्या खांद्यावरचा चिखल

मित्रांनो, यॉर्कशायरमधल्या स्केल्बी गावच्या रग्बी क्लबमागे, पत्र्याच्या शेडमध्ये पडलेलं जुनं वॉशिंग मशीन म्हणजे मी. माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला शहाणं केलं डोरीन हेग या बाईंनी. बावीस वर्षं त्यांनी क्लबचे शनिवारच्या सामन्याचे कपडे रविवारी धुतले. माझ्या पोटात टाकण्याआधी त्या प्रत्येक जर्सी उलटीसुलटी करून बघायच्या. "माणूस खोटं बोलेल, कपडा नाही," असं म्हणायच्या. त्यांचा संशयी स्वभाव मलाही लागला.

सात नंबरची जर्सी एलिस क्रॉसडेलची. तो हाफबॅक, म्हणजे तेरा जणांच्या संघाचं डोकं. चेंडू कुणाकडे द्यायचा, कधी लाथाडायचा, हे तोच ठरवायचा. नऊ वर्षं सगळं गाव त्याच्यावर जीव टाकत होतं.

त्या हिवाळ्यात त्याची जर्सी मला खटकू लागली. रग्बीत समोरून धावत येणाऱ्याला खांद्यानं धडकून अडवायचं असतं, म्हणून दोन्ही खांदे मळतात. डावा खांदा काळ्या चिखलानं माखलेला आणि उजवा मात्र नुकताच इस्त्री केल्यासारखा. एक नाही, दोन नाही, पाच रविवार तेच. एका मोठ्या क्लबला तो हवा आहे, अशी कुजबुज गावात होतीच.

"अंग राखतोय मेला," डोरीनबाई पुटपुटल्या. "तिकडे जायचंय ना, मग इथे कशाला मार खाईल?"

मलाही तसंच वाटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सहाव्या रविवारी उजवा खांदाही मळून आला. बाईंनी जर्सी निरखली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चिखलात चार बोटं आणि अंगठा उमटला होता. माणूस अंगावर आदळला की चिखल विणीत घुसतो. हा नुसता वरून फासलेला होता.

त्यांनी एलिसला बोलावून घेतलं. "बाळा, माझी कंबर धरली आहे. एवढ्या ओल्या जर्सी वरच्या दांडीवर टाकतोस?"

त्यानं डाव्या हातानं एक टाकली.

"उजव्यानं टाक."

"डाव्यानं होतंय की, आँटी."

"उजव्यानं."

हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. एलिसचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"ऑगस्टपासून. थंडी पडल्यापासून तर हात वर जातच नाही. आँटी, शनिवारी सेमीफायनल आहे. तेवढी होऊ दे, मग मीच सांगतो. बत्तीस वर्षांचा झालोय. डॉक्टरनं खांदा उघडला की संपलं सगळं."

बाईंनी टोपलीतून अकरा नंबरची जर्सी काढली. ती कॉलरपासून बगलेपर्यंत फाटलेली होती आणि रक्त वाळून कडक झाली होती.

"ही बार्नाबीची. तुझ्या उजव्या बाजूला खेळतो ना? तू सोडलेली माणसं कोण अडवतं, याचा कधी विचार केलास?"

एलिसनं फाटक्या कॉलरवरून बोट फिरवलं. "त्याला कळलंय?"

"नाही. त्याला वाटतंय, आपलंच वय झालं, आपणच हळू झालो. बायकोजवळ खेळ सोडायच्या गोष्टी करतोय."

एलिसनं ती जर्सी टोपलीत ठेवली. तसाच कोचकडे गेला.

सेमीफायनल त्याच्याशिवाय खेळलो आणि हरलो. शस्त्रक्रियेनंतर एलिस पुन्हा त्या दर्जाचा सामना खेळला नाही. कोणताही मोठा क्लब त्याला न्यायला आला नव्हता, हेही तेव्हाच उघड झालं. त्याला बाहेर बसवलं म्हणून गावातल्या काही लोकांनी डोरीनबाईंशी बोलणं टाकलं. बार्नाबी मात्र आणखी तीन हंगाम खेळला.

पुढे बाई निवृत्त झाल्या, नवं मशीन आलं, मला शेडमध्ये ढकललं. आता अंगावर गंज चढलाय. माझा संशय खरा निघाला होता, तरी मला त्याचा अभिमान नाही, कारण त्याचा अर्थ मी वाईटच लावला होता.

मित्रांनो, मला कुणी पुसावं, तेल घालावं, असं मागणं नाही. आपल्या माणसाचं काही खटकलं, तर मनात घोळवत बसू नका, चारचौघांत कुजबुजू नका. त्याला जवळ बोलावून विचारा, दुखतंय का. मी पाच रविवार नुसतं गरगर फिरत राहिले. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.