टीव्हीखालचं कपाट

मित्रांनो, ब्राह्मणपुरीला योगेंद्रभाऊंच्या बैठकीत कधी आलात, तर टीव्ही ज्याच्यावर ठेवलाय तिकडे जरा नीट बघा. चार पायांचं, दोन दारांचं लाकडी कपाट दिसेल. ते कपाट नाही. तो मी, एक जुना रेडिओग्राम. रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र एकाच पेटीत, म्हणून हे जोडनाव. घरात मला सगळे ‘पेटी’च म्हणत. आता माझ्या पोटात आवाज उरलेला नाही. राग मात्र भरपूर आहे, तेव्हा ऐकूनच घ्या.

माझं लाकूड म्हणजे नवापूरकडच्या जंगलातला साग. शहाद्याच्या नथ्थू सुतारानं मला घडवलं. रंधा मारून मारून अंग इतकं गुळगुळीत केलं, की माशी बसली तर घसरावी. रेडिओ तिथल्याच एका कारागिरानं सुटे भाग जुळवून बसवला. तबकड्या फिरवणारा चेंजर तेवढा परदेशी, मुंबईहून मागवलेला. मला याचा काही कमीपणा नव्हता. का असावा? चांगलं लाकूड होतं, चांगला हात लागला होता.

कमीपणा वाटला तो मला विकत आणणाऱ्या हेमकांतआप्पांना. हे योगेंद्रभाऊंचे वडील. पहिल्याच दिवशी ओट्यावर जमलेल्या मंडळींना ते म्हणाले, “विलायतनी पेटी शे. बंदरवरतीन सरळ आठे आनेल शे.” मंडळींनी माना डोलावल्या. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. पुढं गावात माझा मोठा मान झाला. कापसाचे भाव ऐकायला, गाणी ऐकायला माणसं यायची, लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे आधी माझ्याकडे बघायचे. आप्पा दर वेळी विलायतेचं नाव घ्यायचे, आणि तो मान माझ्या डोक्यावरून परस्पर विलायतेला जायचा.

माझी देखभाल मात्र खरी झाली. ती केली आप्पांच्या थोरल्या मुलीनं, मोहिनीनं. आप्पांनीच तिला शिकवलं. “लाकूडले वल्लं फडकं लावू नको बेटा, कोरडं ले,” असं ते सांगायचे. बटण फिरवलं आणि आवाज लगेच आला नाही की ती उतावीळ व्हायची. मग आप्पा म्हणायचे, “आधी तपू दे तिले, मंग बोली.” कारण माझ्या आत काचेचे व्हॉल्व्ह होते, ते तापल्याशिवाय मी बोलत नसे. सुईवरची धूळ ती मऊ ब्रशनं काढायची. तबकड्या एकीवर एक रचायच्या नाहीत, उभ्याच ठेवायच्या, हे तिनं कधी चुकवलं नाही. धाकटा योगेंद्र यायचा, बटणं करकचून पिळायचा आणि पळायचा. मोहिनीचा हात लागला की मला बरं वाटायचं. हे मी उघड सांगतो, त्यात लाजायचं काय?

मोहिनी नर्स झाली, चिंचपाड्याच्या दवाखान्यात नोकरीला लागली. घरात टीव्ही आला आणि माझी दारं बंद झाली. माझ्यावर इस्त्रीचे कपडे, लग्नपत्रिका, हेल्मेट, जे हाती येईल ते पडू लागलं. नवं आलं की जुनं मागं सरतं, त्याचं मी फार मनावर घेतलं नाही. मोहिनी माहेरी आली की आधी तो पसारा उचलायची आणि मला पुसायची.

मग आप्पा गेले. शेतावर नावं लावायची वेळ आली. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. मोहिनीनंही सही केली. केळीची बागायत जमीन तिनं हूं की चूं न करता सोडली. एवढंच म्हणाली, “माले काहीच नको भाऊ. पेटी तेवढी मन्ही.”

“तुन्हीच शे ताई,” योगेंद्रभाऊ म्हणाले. “आप्पा बी तेच सांगी गयात.”

“क्वार्टरमा जागा नही. रिटायर व्हसू तव्हय लई जासू. तोपावत संभाळ.”

“त्यानी फिकीरच करू नको.”

मित्रांनो, हा शब्द माझ्यासमोर दिला गेला. मी निर्धास्त झालो. मी खुळाच.

काही वर्षांनी योगेंद्रभाऊंनी तिला फोन केला. “ताई, आप्पानी पेटी चालू करनी शे. माले काही समजत नही, तूच ये.” ती रजा टाकून आली. चेहरा नुसता फुलला होता. कोणतं बटण कशाचं, चेंजरचं झाकण कसं उघडायचं, सगळं तिनं भावाला दाखवलं. “एकदम करंट देऊ नको. वायरी जुन्या व्हई गयात. पहिले मेकॅनिकले दखाड,” असं बजावून सांगितलं. भावानं मोबाईलवर पुढून, मागून, आतून माझे फोटो काढले. तिनं हौसेनं दारं धरली. ते फोटो कोणत्याही मेकॅनिककडे गेले नाहीत. शहरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेले.

पैशाची अडचण? छे! त्या वर्षी केळीला भाव चांगला होता. आपल्या घरात विलायती वस्तू आहे, ती केवढ्याला जाते ते बघू, एवढीच खाज.

व्यापारी आला. त्यानं माझ्या पाठीचे स्क्रू काढले, बॅटरी मारून आत पाहिलं, लाकडावर नख ओढलं आणि म्हणाला, “कॅबिनेट लोकल आहे साहेब. रेडिओ असेंबल केलेला. चेंजर तेवढा ओरिजिनल.”

योगेंद्रभाऊंचं तोंड उतरलं. “आप्पानी जलमभर आमले फसाडं,” ते म्हणाले. त्यांना त्या परक्या माणसासमोर लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग माझ्यावर निघाला. चेंजर, व्हॉल्व्ह, स्टेशनं दाखवणारी काच, सगळं त्याच दुपारी उपटून दिलं. ताईला विचारू, असं कोणी म्हटलंसुद्धा नाही. योगेंद्रभाऊंच्या बायको, ममतावहिनी, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मंग हाई खोकं टीव्ही ठेवाले व्हई जाई.” आणि झालंही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, मित्रांनो. आणि कापणारा हात घरचा होता.

त्यानंतर नोकरीच्या धावपळीत मोहिनीचं माहेरी येणंच झालं नाही. यंदा ती निवृत्त झाली. नवापूरला तिनं लहानसं घर बांधलं आणि भाऊबीजेला टेम्पो घेऊनच आली. योगेंद्रभाऊंना ओवाळलं. त्यांनी ताटात साडी ठेवली, तेव्हा हसून म्हणाली, “यंदा साडी नको. पेटी लेवाले उनू.”

ती माझ्यापाशी बसली, पिशवीतून कोरडं फडकं काढलं आणि माझी दारं उघडली. आत सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि वायरींचा गुंता होता. तिनं आत हात घालून पाहिलं.

“भाऊ, पेटीना जीव कोठे गया?”

“मीच इकी टाका, व्यापारीले,” योगेंद्रभाऊ खाली बघत म्हणाले. “ताई, ती विलायतनी नव्हतीच. शहादाना सुतारनी करेल व्हती. आप्पा खोटं बोलनात.”

“माले माहीत व्हतं,” मोहिनी म्हणाली. “आप्पानी माले लहानपणीच सांगेल व्हतं. फडकं मारनाराले सांगनं पडस, लाकूड कथाईन उनं ते.”

मी थक्क झालो. सारा जन्म मला वाटत आलं, की हीसुद्धा त्या विलायतेलाच पुसते. ती तर मलाच पुसत होती. हे मला कळलं तेव्हा तिला ऐकवायला माझ्याकडे आवाज नव्हता.

भावानं घाईघाईनं टीव्हीची वायर काढली. “लई जा ताई, आत्तेच टेम्पोमा टाकू.”

मोहिनीनं मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलं आणि दारं लावली. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “मुकं माहेर नवापूरले लई जाईसन काय करू?”

टेम्पो रिकामा परत गेला. टीव्हीची वायर पुन्हा लागली.

तिचाही मला राग आला, खोटं कशाला बोलू? नुसतं लाकूड म्हणून तरी न्यायचं होतं. पण तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही आजोबांच्या वेळची एखादी वस्तू असेल. तिला ओलं फडकं लावू नका. जाणत्याला दाखवल्याशिवाय वीज जोडू नका. आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्याल तेव्हा ती कोणत्या कंपनीची आहे हे मागाहून बघा. ती कोणाची आहे, हे आधी घरात विचारा.