तिकडची हवा

ललिताबाई राठोड सलग तीन वर्षे ऊसतोडीला गेली की बरी होत होती आणि घरी परतली की दोन महिन्यांत आजारी पडत होती.

चौथ्या वर्षी, श्रावणात, मंगरूळपीरजवळच्या तांड्यावर ती आपल्या घरकुलाच्या ओट्यावर केळीच्या पानांवर पालथी पडून होती. कापड जखमांना चिकटते म्हणून पाने अंथरायला आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकेने, सुकेशनीने, सांगितले होते. पाठीवर दहाबारा ठिकाणी कातडी सोलून निघाली होती. आधी पाण्याने भरलेला ढिला फोड येई, हात लागला की फुटे, आणि खालचा लाल भाग उघडा पडे. तोंडाच्या आतही तेच होते. तिखट सोडाच, कोमट पेजही गिळवत नव्हती.

"सासूले बोलता येत नाई," ललिताबाई अडखळत म्हणाली, "म्हून राखी खुस हाये."

सून वाटी घेऊन शेजारी बसली होती. "बोलनं कुटी कमी झालं? आवाज तेवढा उतरला," ती म्हणाली.

ललिताबाईच्या नवऱ्याकडे, धनसिंगकडे, या आजाराचे स्पष्टीकरण तयार होते. घरकुल बांधले त्याच वर्षी फोड सुरू झाले, तेव्हा हे घर तिला मानवत नव्हते. सुकेशनीने त्यावर वाद घातला नाही. पडताळून पाहायचे ठरवले. आदल्या वर्षी उन्हाळ्यात तिने ललिताबाईला शिरपूरला बहिणीकडे दोन महिने राहायला पाठवले. फोड तिथेही आले. धनसिंगने हे शांतपणे ऐकून घेतले आणि शिरपूर काही परदेशात नाही, हवा तीच, असे सांगितले. म्हणजे दोष घराचा नव्हता, मुलखाचा होता. गृहीतक मोडले की ते थोडे रुंद करून घ्यायचे, ही रीत सुकेशनीने शिकलेल्या माणसांतही पाहिली होती.

या खेपेला मात्र ती ललिताबाईला जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. राखी सोबत होती. त्वचेचा तुकडा तपासून डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले: पेम्फिगस. फार थोड्यांना होणारा, सहज न हटणारा. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये काही प्रथिने असतात. रोगप्रतिकारक यंत्रणेचे काम बाहेरचे जंतू ओळखण्याचे. इथे ती त्या प्रथिनांनाच परके समजते आणि त्यांच्यावर हल्ला करते. पेशी सुटतात, कातडीचे थर सुटतात, मध्ये पाणी साचते.

"म्हंजे राखनदारच घरच्यायले मारून राह्यला," ललिताबाई म्हणाली.

डॉक्टरांनी या वाक्यात दुरुस्ती सुचवली नाही. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या कित्येक महिने घ्याव्या लागतील असे सांगितले, आणि अचानक बंद करायच्या नाहीत हे दोनदा सांगितले. चेहरा गोल होईल, घाबरू नका, असेही म्हणाले. मग त्यांनी विचारले, की याआधी या आजारावर किंवा दुसऱ्या कशावर कुठले औषध चालू होते का?

"नाई," ललिताबाई म्हणाली. "औषध कधीच खाल्लं नाई मी."

हा आजार औषधावाचून तीनदा कसा बसला, याचे डॉक्टरांना आश्चर्य वाटले. त्यांनी कागदावर तसे लिहिले आणि पुढचा रुग्ण बोलावला.

परतीच्या बसमध्ये राखी म्हणाली, की सासूबाईंचा चेहरा तसाही दर हिवाळ्यात भरतो. ऊसतोडीहून दुसऱ्या टोळ्यांतली माणसे वाळून येतात, सासूबाई आणि त्यांच्या टोळीतली मात्र गुबगुबीत होऊन येतात. सुकेशनीने ते ऐकले. त्या वेळी ती खिडकीची काच बंद करत होती, कारण वाऱ्याने ललिताबाईच्या मानेवरची पट्टी उडत होती. तिने पुढे काही विचारले नाही.

गोळ्यांनी पाच आठवड्यांत नवे फोड येणे थांबले. जुन्या जखमा भरू लागल्या. ललिताबाईने एक दिवस ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि ती खाताना कोणी आपल्याकडे पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड केले. पण पूर्ण बरे वाटायच्या आत दिवाळी आली आणि ऊसतोडीचा ट्रक ठरला. सुकेशनी तांड्यावर गेली तेव्हा सामान बांधून झाले होते. गोळ्यांचा डबा फळीवर होता.

तिने धनसिंगला सांगितले, की मावशीला या वर्षी नेऊ नका, आणि नेणारच असाल तर गोळ्या सोबत न्या. तिथे पाचटात, धुळीत जखमा चिघळतील.

"सिस्टर," धनसिंग म्हणाला, "तिकडं तिनं कवा गोई खाल्ली? तिकडची हवाच तिची दवा हाये. तीन साल आमी पायलं. तुमी येकडाव तरी आल्या का तिकडं?"

सुकेशनी गेली नव्हती. तिच्याजवळ डॉक्टरांचा कागद होता आणि त्याच्याजवळ तीन वर्षे होती. शिवाय कागदावरच लिहिले होते, की आजार औषधावाचून तीनदा बसला. तिने ललिताबाईकडे पाहिले.

"मले तिकडं जाऊन बरं वाटन ना वं बाई," ललिताबाई म्हणाली. "गोयायनं तोंड कडू पडते. तिकडं कसं, आपोआप जाते."

लेकराला आईचे दूध चालू होते म्हणून राखी मागे राहिली. ट्रक निघाला.

मार्गशीर्षात राखीचा फोन आला. तिकडून निरोप होता, की या वर्षी फोड गेले नव्हते, वाढले होते. सुकेशनीने तिकडच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता काढून दिला, तिथल्या परिचारिकेशी बोलली, गोळ्यांची नावे सांगितली. धनसिंगने आठ दिवस वाट पाहिली, कारण दर वर्षी दिवाळीनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यातच गुण येई. नवव्या दिवशी ललिताबाईला ताप भरला. दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धी पाठ उघडी पडली होती आणि जंतू रक्तात गेले होते. ती दोन दिवसांनी वारली. अग्नी तिकडेच दिला.

धनसिंग एकटा परत आला. चौदाव्या दिवशी सुकेशनी मृत्यूची माहिती लिहून घ्यायला गेली. फॉर्म पाच मिनिटांचा होता. ती दीड तास बसली. फड तोच होता का? तोच. पाणी? त्याच विहिरीचे. राहायची कोपी? गेल्या वर्षीच्याच जागेवर घातलेली. खाणे? तेच.

"बदल काहीच नव्हता, काका?"

"सारं तेच व्हतं. मुकादम तेवढा नवा. दौलतसिंगचे गुडघे गेले, तो आला नाई." त्याने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. "दौलतसिंग बरा मानूस व्हता. सकायी चहासंगं दोन अन् रातच्याले दोन गोया दे साऱ्यायले. आंग दुखत नव्हतं, खाडा पडत नव्हता. हा नवा तं चहाबी इकत देते."

सुकेशनीने पेन खाली ठेवले. "दवाखान्यात विचारलं होतं ना, औषध खाल्लं का म्हणून?"

"औषध आजारी मानसाले देतात, सिस्टर. थे तं साऱ्यायले देत व्हता."

शोधायला सांगितल्यावर ललिताबाईच्या पत्र्याच्या पेटीत, गेल्या हंगामातल्या कपड्यांखाली, राखीला गोळ्यांची एक अर्धी रिकामी पट्टी सापडली. सुकेशनीने ती उजेडात नेऊन नाव वाचले: डेक्सामेथासोन. हेही स्टिरॉइडच, दवाखान्याच्या डब्यातल्या गोळ्यांच्याच कुळातले. धनसिंगला वाचता येत नव्हते. त्याने काय लिहिले आहे ते विचारले आणि तिने सांगितले.

"म्हंजे हवा नव्हती," तो म्हणाला.

"नाही, काका."

तो उठून आत गेला. राखी रडत होती, पण आवाज न करता, कारण लेकरू झोपले होते. सुकेशनीने फॉर्म पुन्हा पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात जागा दोन ओळींची होती. तिने समासात लिहून पूर्ण केले. रुग्णाला पेम्फिगस होता. तीन हंगाम अंगदुखीची म्हणून रोज दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तो दबत होता आणि हंगामानंतर त्या बंद झाल्या की उसळत होता. चौथ्या वर्षी दवाखान्याचे स्टिरॉइड घरी ठेवले गेले, मुकादमाचे मिळाले नाही, आजार उसळला, जखमांतून जंतुसंसर्ग रक्तात गेला. मृत्यू त्यामुळे झाला.