हळू वाजणारी गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. आपली गोष्ट जन्मापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे. पण मी एका मंगळवारापासून सुरुवात करते, कारण त्या मंगळवारी काहीच घडलं नाही.

भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या एका क्वार्टरात, पुढच्या खोलीच्या भिंतीवर, एका खिळ्याला मी टांगलेली होते. थंडीचे दिवस होते. वच्छलाबाईंनी अंगणातल्या खाटेवर मुगाच्या वड्या घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला त्या सारख्या आतबाहेर करत होत्या. त्यांची मुलगी नलू नुकतीच शाळेत शिक्षिका झाली होती. त्या दिवशी तिला सुट्टी होती, म्हणून ती टेबलाशी बसून वह्या तपासत होती. येता-जाता वच्छलाबाईंनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली. कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या वस्तूंवर तांबूस धूळ बसते, ती रोज पुसावी लागते. पुसताना त्यांचा अंगठा जाड तारेला लागला आणि मी वाजले. नलूनं मान वर केली. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं.

"वड्या वाळल्या का, आई?" तिनं विचारलं.

"वरून वाळल्या. खालून ओल्याच आहेत अजून," म्हणत वच्छलाबाई पुन्हा बाहेर गेल्या.

एवढाच तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरता भरता त्या खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. वय जेमतेम चाळीस होतं.

आता जन्माकडे वळते. कलकत्त्याच्या एका लहानशा दुकानात एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. पाठ शिसवीची आणि पोट तुनाच्या लाकडाचं. खरगपूरच्या एका इंजिन ड्रायव्हरनं मला आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. तिचं नाव आयव्ही. महायुद्धाचे दिवस होते आणि जवळच्या विमानतळावर अमेरिकेचे सैनिक उतरले होते. त्यांतला एक उंच, काळा, फारसं न बोलणारा सैनिक रविवारी आयव्हीच्या व्हरांड्यात येऊन बसे, मला मांडीवर घेई आणि आपल्या गावाकडची गाणी म्हणे. त्या गाण्यांना तो ब्लूज म्हणत असे. त्यांची रीत साधी होती. दुःख एकदा सांगायचं, तेच पुन्हा सांगायचं आणि तिसऱ्या ओळीत त्याला काहीतरी उत्तर द्यायचं. आयव्ही ते शिकली. पुढं रेडिओवरून तिनं कंट्रीची गाणी उचलली. त्यांत घोडे, आगगाड्या आणि दूर राहिलेलं घर असे. नंतर तिच्या भावानं कलकत्त्याहून रॉकची एक तबकडी आणली. त्या तबकडीनं माझ्या दोन तारा तोडल्या, पण मी रागावले नाही.

आयव्हीचं लग्न रेल्वेच्या गार्डाशी झालं आणि ती दुर्गच्या बाजूला आली. भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. तिला तिथं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली आणि क्वार्टर तिच्या नावावर मिळालं. नवरा घरी आला की शेजारी त्याला गमतीनं "आयव्हीबाईचे मिस्टर" म्हणत.

तिच्या उजवीकडं राहत शेषराव आणि वच्छलाबाई. भंडाऱ्याकडची माणसं. शेषराव कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, फिटर होते. डावीकडं तुळसाबाई होती, जवळच्या उतई गावची, छत्तीसगढी बोलणारी. लोखंड वितळवायच्या धमनभट्टीचा पाया खणला जात होता तेव्हा तिनं डोक्यावरून माती वाहिली होती, आणि ज्या घमेल्यातून वाहिली ते तिनं जपून ठेवलं होतं.

एका दुपारी आयव्ही मागच्या पायरीवर बसून मला वाजवत होती. वच्छलाबाई भिंतीपलीकडं तांदूळ निवडत होत्या. गाणं संपलं तशी त्यांची मान भिंतीवर आली.

"आयव्हीबाई, हे तं आमचं जात्यावरचं आहे! तुमाले कोनं शिकवलं?"

"अमेरिका का सोल्जर ने," आयव्ही म्हणाली.

"त्याच्या घरी जातं होतं का?"

आयव्ही हसली. मग वच्छलाबाईंनी तिथंच, हातात सूप घेऊन, त्याच चालीवर आपले शब्द बसवले.

भोंगा वाजला बाई, हे निंगाले कामाले,
भोंगा वाजला बाई, हे निंगाले कामाले,
आता सांग वं चुली, मी बोलू कोनाले?

डावीकडच्या भिंतीवरून तुळसाबाईचा आवाज आला, "मोर संग गोठिया ले बहिनी, मैं तो बइठेच हंव!" गप्पा मारायला मी बसलेलीच आहे की, असं म्हणत तिनं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर ठेका धरला. तिच्याकडं ददरियाची गाणी होती. एकानं टोमणा मारायचा आणि दुसऱ्यानं परत करायचा, अशी. पाहता पाहता तिघींचं एक गाणं झालं. तो सैनिक असता तर त्याला त्यातलं निम्मं ओळखीचं वाटलं असतं.

पण एक अडचण होती. कारखान्यात पाळ्या तीन, आणि घरात झोपायची खोली एकच. शेषराव नाईट करून आले की भर दुपारी झोपत. उठल्याबरोबर त्यांना चहा लागे, म्हणून वच्छलाबाई घर सोडत नसत; तिघी त्यांच्याच पुढच्या खोलीत आणि ते पडद्याआड.

"हळू गा वं, हे झोपले आहेत," वच्छलाबाई दर दोन ओळींनी म्हणत.

"धीरे गा बहिनी, भांटो सुते हे," तुळसाबाई तेच आपल्या बोलीत म्हणे आणि घमेल्यावर दोनच बोटं टेकवी.

आयव्हीनं एक मऊ फडकं घडी करून माझ्या तारांखाली सरकवलं. माझा आवाज अर्ध्यावर आला. त्यामुळं तिघींचं गाणं घडलंच मुळी हळू. रॉकची उडती चालसुद्धा त्या ओठांत धरून म्हणत. पाय आपटायचा झाला तर चवड्यावर आपटत. मला ते फार आवडे. मोठ्यानं वाजण्यापेक्षा हळू वाजायला जास्त ताकद लागते, हे मी त्या घरात शिकले.

कारखाना सुरू होऊन दीडेक वर्ष झालं असेल. सेक्टरातल्या गणपतीचे सेक्रेटरी भय्याजी यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी तिघींना मंचावर बोलावलं. वच्छलाबाईंनी आठ दिवस आधी जांभळं लुगडं धुऊन, घडी करून गादीखाली ठेवलं. बारा वर्षांची नलू मैत्रिणींसोबत दुसऱ्या रांगेत बसली होती. शेषराव तिच्या मागं होते.

गाणं सुरू झालं. आणि मित्रांनो, आमच्याकडून एक चूक झाली. फडकं माझ्या तारांखालीच राहिलं. तुळसाबाईची दोनच बोटं घमेल्यावर पडत राहिली. माइकपासून हातभर मागं उभ्या राहून तिघी गात होत्या, अगदी घरच्यासारख्या. मांडवाला काही ऐकूच जाईना.

"आवाज! आवाज!" मागून ओरडा झाला.

भय्याजी धावत मंचाशी आले. "अवं बाई, जोरानं म्हना नं! इथं कोन झोपून राहिला आहे?"

वच्छलाबाईंनी माइकजवळ येऊन, रोजच्या सवयीनं, अगदी सरळ उत्तर दिलं, "हे झोपले आहेत."

सगळा मांडव हसला. लोक वळून वळून शेषरावांकडं पाहू लागले. शेषराव टक्क जागे होते आणि पानाचा विडा तोंडात तसाच धरून बसले होते. कुणीतरी म्हणालं, "शेषराव, उठा नं भाऊ, चहा झाला!" पुन्हा हशा. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून नलू उठून गेलेली मी पाहिली.

आयव्ही म्हणाली, "वच्छला, गाओ. जैसा आता है वैसा गाओ." आणि त्या तशाच, हळू, गायल्या. तेव्हा बायकांच्या बाजूचा गलका थांबला. तिथल्या प्रत्येकीच्या घरी कुणीतरी नाईट करून दुपारी झोपत असे. भांडी न वाजवता घासायची, पोराला बाहेर नेऊन रागवायचं, हे त्या सगळ्याजणी रोज करत होत्या. आपलंच घर मंचावर आलेलं त्यांनी ओळखलं. त्या उठून पुढं सरकल्या. मग पुरुष गप्प झाले. शेवटच्या ओळीनंतर टाळ्या थांबेनात. भय्याजींनी डोळे पुसले आणि घाम आला म्हणाले.

नलूनं हे पाहिलं नाही. ती मंचामागं, कनातीपलीकडं गेली होती. तिची वर्गमैत्रीण रंभा तिच्या मागोमाग गेली होती. आयव्ही आणि तुळसाबाईला मंचावर बायकांनी घेरलं, म्हणून वच्छलाबाई एकट्याच मला कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन मागं उतरल्या, तेव्हा कनातीतून दोघींचं बोलणं आलं.

"नलू, वो बैंगनी साड़ीवाली तेरी माँ है ना?"

"नहीं तो," नलू म्हणाली. "बाजूवाली है. हमारी कोई नहीं."

वच्छलाबाईंच्या हाताचा माझ्या गळ्यावरचा दाब वाढला.  मग त्या दुसऱ्या बाजूनं वळसा घालून बाहेर पडल्या. घरी गेल्यावर त्यांनी नलूला जेवायला वाढलं आणि भातावर जास्तीचं तूप घातलं.

त्यानंतर पुष्कळ बोलावणी आली. क्लबातून आलं, शेजारच्या सेक्टरातून आलं, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतूनही आलं. वच्छलाबाई दरवेळी म्हणत, "माह्याच्यानं नाही होत आता." आयव्ही रुसली, तुळसाबाईनं टोमणे मारून पाहिले. कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. घरातलं गाणं मात्र थांबलं नाही. आयव्हीची ड्यूटी नसली की तिघी दुपारी जमत आणि नलूची शाळा सुटायच्या आत उठत. आयव्ही मला तिथंच ठेवून जाई आणि वच्छलाबाई स्वतः मला खिळ्याला टांगून ठेवत.

तीन-चार वर्षांनी आयव्ही आणि तिचा नवरा ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना तिनं मला वच्छलाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "वहाँ गिटार बहुत मिलेगा," ती म्हणाली, "वच्छला नहीं मिलेगा." पुढं तुळसाबाईही सासू थकली म्हणून उतईला राहायला गेली. मग मला कुणी वाजवलं नाही. वच्छलाबाईंना वाजवता येत नव्हतं. त्या फक्त पुसत. माझ्या दोन तारा गंजल्या, एक खुंटी सैल झाली, आणि पावसाळ्यात पोट थोडं फुगलं.

मित्रांनो, मला फार काही लागत नाही. न वाजवता ठेवायचं असेल तर माझ्या तारा थोड्या सैल करा, ओलसर भिंतीला टांगू नका, आठवड्यातून एकदा हातात घ्या. लाकूड सांभाळणं सोपं असतं. गाणाऱ्या माणसाचं अवघड, कारण काय हवं ते तो सांगत नाही. तुमच्या घरात कुणी गात असेल, भाकरी थापताना किंवा केस विंचरताना गुणगुणत असेल, तर आवडलं म्हणून त्याला सांगा. तेवढ्यानं भागतं. उद्या सांगू म्हणून ठेवू नका.

वच्छलाबाईंची तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी उतईहून तुळसाबाई आली. केस पांढरे झाले होते. नलूला जवळ घेऊन ती खूप रडली. मग तिनं मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि माझ्या पोटावर दोन बोटांनी ठेका धरून पाहिला.

"नोनी," पोरीला म्हणावं तसं ती नलूला म्हणाली, "एक बात मैं आज ले नइ जानेंव. तोर दाई स्टेज काबर छोड़ दिस?"

तुझ्या आईनं मंचावर गाणं का सोडलं, एवढंच तिनं विचारलं होतं. 

"मेरी वजह से, मौसी," नलू म्हणाली. "रंभाने पूछा था. मैंने कहा, वो मेरी माँ नहीं है. माँ कनात के पीछे खड़ी थी. कनात के नीचे से मैंने उसका पल्लू देख लिया था."

आईनं ऐकलं हे नलूला इतकी वर्षं ठाऊक होतं. हे मला माहीत नव्हतं.

तुळसाबाईनं ठेका थांबवला नाही. नलूनं हात पुढं करून माझ्या जाड तारेवर बोट ठेवलं, आणि मग ती आपल्या भाषेत बोलली. तुळसाबाईशी नाही, माझ्याशीही नाही.

"आई, मी शाळेतून लवकर येत होती. शेवटचा तास बुडवून येत होती. मागच्या पायरीवर दप्तर घेऊन बसत होती, तुमचं संपेपर्यंत. तुले कधी सांगितलं नाही. मले सगळी गाणी पाठ आहेत, आई."