जाऊबाईंसारखीच तपासणी

"दीपाली, छातीतली गाठ हाय ती. दुखत न्हाय म्हणून अंगावर काढू नकोस. उद्याच्या उद्या धाराशिवला दाखव," थोरली जाऊ प्रतीक्षा म्हणाली होती.

"बाळाचं अंगावरचं दूध नुकतंच तोडलंय, ताई. दुधाचीच असंल," म्हणत दीपालीनं विषय टाळला.

खरं कारण वेगळंच होतं. तेर गावातल्या त्या घरात सासूबाईंचा, सिताबाईंचा एक दंडक होता: दोघी सुनांना सारखं. थोरलीला इरकली लुगडं घेतलं, की धाकटीला त्याच काठाचं. जोडवीसुद्धा एकाच घडणीची. बी.एस्सी. झालेली दीपाली याच मापानं सगळं मोजायला शिकली होती. आणि प्रतीक्षा मात्र दरवर्षी पुण्याला जाऊन डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय करून यायची! का, ते कुणी विचारलं नव्हतं, तिनंही सांगितलं नव्हतं. ती पुण्याहून परतली, की तिचं हसणंसुद्धा दीपालीला टोचायचं.

"त्यांचं सगळं अंग मशीनमधून तपासायचं, आणि मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहू?" ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, ते मशीन म्हंजे काय लुगडं हाय व्हय, जोडीनं घ्यायला?" बालाजी हसला.

"करायची तर तसलीच तपासणी. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

सिताबाईंनीही मान डोलावली. "तिचं बी खरंय. एकीला एक, दुसरीला एक, आपल्यात चालत न्हाय. सोयाबीनची रास झाली की पाठवू."

सोयाबीनची रास झाली, ज्वारी पेरून झाली. गाठ तिथंच होती. एके दिवशी अंघोळ करताना गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसली. कडेवरच्या लेकराला घट्ट धरून दीपाली स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिली. प्रतीक्षानं तिचा चेहरा पाहिला, काय झालं ते विचारून घेतलं आणि दार लोटलं.

"तुला माझं मशीन पाहिजे ना? घे. पण त्याच्यासंगं माझं रक्तही घ्यावं लागंल."

"म्हणजे?"

"माझी आई, मावशी, धाकटा भाऊ, तिघंही ऐन उमेदीत कॅन्सरनं गेली. रक्त तपासलं, तर घराण्यातला तो दोष माझ्यातही निघाला. माझ्या अंगात कुठंही गाठ उठू शकती, म्हणून दरवर्षी सगळ्या अंगाची झडती. रिपोर्ट येईस्तोवर माझ्या लेकीच्या, सृष्टीच्या तोंडाकडं बघवत न्हाय मला. मागं यकृतावर डाग दिसला. किती दिवस अन्न गोड लागलं न्हाय, आणि शेवटी निघालं काहीच न्हाय. लेकीच्या सोयरिकीत आडवं येईल म्हणून गप्प बसले."

दीपालीच्या मनात आलं, आपण हेवा केला तो कशाचा!

"आणि तुझी गाठ तर हाताला लागतीय. तिला सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईनं तुकडा काढून तपासणी. माझ्या मशीनमध्ये छातीतली बारकी गाठ निसटूही शकती. पायात काटा रुतलाय तर काटा काढायचा, का साऱ्या रानाची मोजणी करत बसायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघी जावा धाराशिवच्या दवाखान्यात रांगेत बसल्या. पुढची बाई 'काही नाही निघालं' म्हणत बाहेर आली, तेव्हा दीपालीला तिचाही हेवा वाटला.

काही दिवसांनी रिपोर्ट आले. दीपालीच्या गाठीत मात्र कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी आला असतात तर उपचार थोडक्यात झाले असते. आता लांबतील. पण हातातून वेळ गेलेली नाही."

आता उपचार चालू आहेत. केस गेलेत. बाळाला आजी सांभाळते, आणि प्रतीक्षानं आपली हकीकत स्वतः सासूबाईंना सांगून टाकली आहे. तपासणी हा मानपान नव्हे. ज्याला जी गरज, त्याला ती वेळेवर मिळावी, हाच खरा सारखेपणा.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादी बहीण, जाऊ, भावजय 'दुखत तर न्हाय' म्हणून काहीतरी अंगावर काढत असेल. आज तिला बाजूला घ्या, आणि विचारा. ती विषय टाळेल. तरी विचारा.