नकाशात न मावलेली खाट

मित्रांनो, मला टेकण्याआधी हात धुऊन या. मी दवाखान्यातली लोखंडी खाट आहे. वयाने म्हातारी, चार चाकांवर उभी, आणि अंगावर पांढऱ्या रंगाचे इतके थर चढलेले की आतलं लोखंड मलाच आता आठवत नाही. आपली हकीकत सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. मी बोलणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते का फिरलं ते तुम्ही ऐकून घ्यायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या तापवल्या, वाकवल्या, जोडल्या, आणि उशाकडची बाजू वर-खाली करायला पायाशी एक दांडा बसवला. मुकादमाने माझ्यावर दाणकन बसून पाहिलं आणि म्हणाला, "हत्ती झोपला तरी ही हूं की चूं करणार नाही." खरंच होतं ते. आजवर किती माणसं अंगावर वागवली, त्यांची दुखणी सोसली, ओल सोसली, औषधांचे वास सोसले, पण मी हूं की चूं केलं नाही. आज करते आहे.

मला पहिल्यांदा आणलं ते एका लांबलचक हॉलमध्ये. दोन्ही बाजूंना उंचच उंच खिडक्या, दर दोन खिडक्यांमध्ये एक खाट, आणि मधोमध सिस्टरचं टेबल. त्या काळी औषधं थोडी होती, म्हणून बांधणाऱ्यांनी हवेलाच औषध मानलं होतं. वारा एका खिडकीतून यायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा आणि समोरच्या खिडकीतून निघून जायचा. सिस्टरने नुसती मान वळवली की सगळा हॉल तिच्या नजरेखाली. कोणाला धाप लागली, कोण उठायला धडपडतोय, कोण खरं कण्हतोय आणि कोण घरच्यांना बघून सोंग करतोय, सगळं तिला जागच्या जागी कळायचं. मला तो हॉल फार आवडायचा. आवडणारच. मला कुठे कपडे बदलायचे होते?

मग काळ बदलला. एकाचा आजार शेजाऱ्याला कसा लागतो हे लोकांना नीट उमगलं, ते बरंच झालं. नवी औषधं आली, यंत्रं आली, यंत्रांना जागा हवी झाली. तेवढ्यात आमचे मोठे डॉक्टर कुठल्याशा बड्या शहरातला बडा दवाखाना बघून आले आणि आमच्या हॉलचे तुकडे पडले. मधून एक बोळ, दोन्हीकडे खोल्या. बोळाला खिडकी नाही, भरदिवसा दिवे. खोल्यांच्या खिडक्या थंड हवेच्या यंत्रासाठी कायमच्या बंद. सिस्टरचं टेबल उचललं ते थेट लिफ्टपाशी नेऊन ठेवलं. का, तर आल्यागेल्याचं स्वागत व्हावं! अहो, दवाखाना आहे की मंगल कार्यालय? रोग्याच्या हातात एक बेल दिली. दाबा, सिस्टर येईल. म्हणजे बघा, माणसावरची नजर काढून घेतली आणि बदल्यात एक बटण दिलं.

बोळाच्या टोकाची कोपऱ्यातली खोली माझ्या वाट्याला आली, आणि माझ्यावर आल्या शिंपीणकाकू. बाई भारी तिखट. समोरून चालत गेलेल्या माणसाचा खांदा नुसता बघून सदऱ्याला किती कापड लागेल ते सांगायच्या. घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, ते डॉक्टरांनी छान बसवलं होतं. एका सकाळी त्यांची बेल गादी आणि भिंतीच्या फटीत घसरली. काकूंनी हाक मारली. एकदा, दोनदा, घसा बसेपर्यंत. दार बंद. बाहेर माणसं जात-येत होती, त्यांची बोलणी आम्हाला ऐकू येत होती, आमची मात्र कोणालाच येत नव्हती. शेवटी काकू स्वतःच उठायला गेल्या आणि धाडकन खाली पडल्या.

मित्रांनो, मला चार पाय आहेत पण हात नाही. मी वर, त्या खाली, थंडगार फरशीवर. जेवण वाटणारी बाई दार उघडेपर्यंत त्या तशाच पडून होत्या. बसवलेलं हाड पुन्हा मोडलं.

थोरल्या सिस्टर धावत आल्या आणि त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. या सिस्टर जुन्या हॉलमध्ये शिकून मोठ्या झालेल्या. मागून मोठे डॉक्टर आले.

"बेल दिली होती ना? दाबायला काय झालं होतं?" ते म्हणाले.

"दाबायला ती हाताला लागावी लागते, सर," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून सिस्टरांनी एकच ध्यास घेतला. आपल्या दवाखान्यात पुन्हा कोणी असं कोणाच्या नजरेआड पडून राहता कामा नये.

लवकरच मागच्या अंगाला नवी इमारत ठरली. नकाशेवाले साहेब आले, पायात चकचकीत बूट, बगलेत गुंडाळी. माणूस वाईट नव्हता हो, पण दवाखान्यात आजवर कधी आडवा झाला नव्हता. त्यांनी आपला नकाशा माझ्याच गादीवर पसरला. मोठे डॉक्टर खुशीत माना डोलवत होते. सिस्टरांनी चष्मा लावला.

"साहेब, आमचं टेबल पुन्हा लिफ्टपाशीच? आणि कोपऱ्यातली खोली आहेच की. आता तर दर मजल्याला दोन-दोन!"

"सिस्टर, तुम्ही रोग्यांचं बघा. भिंतींचं त्यांना बघू द्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"काळजी नको, सगळं मापात आहे," साहेब म्हणाले. "हे बघा, खाटसुद्धा काढली आहे."

मी वाकून पाहिलं असतं, पण नकाशा माझ्या पोटावरच होता. काडेपेटीएवढा एक चौकोन आणि त्यात उशीचा ठिपका. ही मी! बसवली भिंतीला चिकटवून, की तिथेच जन्मली आणि तिथेच मरणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात सिस्टरांनी नकाशातला एक अख्खा मजला खऱ्या मापाने जमिनीवर आखायला लावला. आखणारा आमचा वॉर्डबॉय. त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण तो उदबत्तीसारखा होता. त्याने मैदान आखायची चुन्याची फक्की कुठून तरी पैदा केली आणि भिंती, दारं, बोळ सगळं पांढऱ्या रेघांनी उमटवलं. मग मला बाहेर काढलं. किती वर्षांनी अंगावर ऊन पडलं म्हणून सांगू! शिंपीणकाकू चाकाच्या खुर्चीत बसून मजा बघत होत्या.

"आता साहेब, हिला लिफ्टपासून कोपऱ्यातल्या खोलीत न्या," सिस्टर म्हणाल्या. "नुसती नाही न्यायची. एका बाजूला सलाइनचा स्टँड, मागे ढकलणारा, आणि शेजारी हात धरून चालणारी रोग्याची मुलगी. माझ्याकडे येणारी खाट अशीच येते."

साहेब हसतहसत पुढे झाले. बोळातून गेलो झकास. दाराशी वळताना माझं मागचं चाक भिंतीवरून गेलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. या वेळी स्टँड शेजारच्या खोलीत आणि पैलवान दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत!

"जरा तिरकी घ्या," साहेब म्हणाले.

"घेतो की," पैलवान म्हणाला, "पण मग रोग्याचे पाय बोळातच राहतात."

तिसऱ्या खेपेला दाराची रेघ पुरती पुसून गेली. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. त्यांची चूक माझ्या लक्षात आली. त्यांनी खाट मोजली होती, पण कायम उभी असलेली. वळणारी खाट त्यांनी कधी काढलीच नव्हती.

"म्हणून म्हणते, जुना हॉलच बरा होता," सिस्टर विजयी आवाजात म्हणाल्या. "एका नजरेत सगळे."

मीही मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. पण शिंपीणकाकू खुर्चीतून कडाडल्या, "हॉल? नको गं बाई! माझं पहिलं बाळंतपण झालं त्या हॉलमध्ये. कपडे बदलायचे तरी सगळ्यांच्या देखत. शेजारची बाई माझ्या डोळ्यांसमोर गेली आणि मी तान्ह्या पोरीचे डोळे झाकत बसले. तिला काय कळणार होतं, पण झाकले!"

सिस्टरांचा चेहरा पडला. माझाही पडला असता. इतकी वर्षं मी त्या हॉलचे गोडवे गात होते, आणि माझ्यावरच निजलेल्या बायकांची लाज मला कधी दिसली नव्हती.

"मग तुम्हाला हवं तरी काय, काकू?" साहेबांनी विचारलं. त्यांना कुत्सित बोलायचं नव्हतं, खरंच कळत नव्हतं.

"दार मला लावता यायला हवं. आणि दार लावल्यावर कोणाला तरी मी दिसायला हवी. एवढंच. शिवणकामात गळा मोठा ठेवायचा की लहान, ते आम्ही घालणारीला विचारतो. तुम्ही कोणाला विचारलंत?"

साहेबांनी बूट काढले, आणि भर अंगणात, चुन्याच्या चार रेघांमध्ये, माझ्यावर आडवे झाले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बराच वेळ उठले नाहीत. "इथून तर कोणीच दिसत नाही हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी रोग्यासारखा झाला होता.

नकाशा बदलला. मोठे डॉक्टर नाराज झाले, बड्या शहरात असं नसतं म्हणून फुरंगटले, पण बदलला. दारं रुंद झाली. लिफ्टपाशी नुसता विचारपूस करणारा माणूस बसला, आणि दर दोन खोल्यांच्या मध्ये सिस्टरला बसायला एक छोटा कोनाडा आला. कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या काचा. एका काचेतून ही खोली, दुसरीतून ती. काचेला खोलीच्या आतून पडदा, आणि पडद्याची दोरी रोग्याच्या हाताशी. वाटलं तर ओढा, वाटलं तर सोडा. खिडक्याही उघडणाऱ्या केल्या. इतकी शहाणी खोली मी जन्मात पाहिली नव्हती.

नव्या खाटा आल्या, त्यात एक कमी पडली, म्हणून मलाही नव्या इमारतीत जागा मिळाली. हाडाला आधार म्हणून आत बसवलेली धातूची पट्टी शस्त्रक्रिया करून काढायला शिंपीणकाकू पुन्हा दाखल झाल्या, त्याही माझ्याच अंगावर. काचेपलीकडे थोरल्या सिस्टर. काकूंनी हात वर केला की त्या हजर. बेल नुसती लटकत असायची. हे असं छान चाललं होतं, आणि इथे हकीकत संपली असती तर मीही गोड बोलले असते.

पण मित्रांनो, पहिले पाढे पंचावन्न! इमारत बघायला कोणी मोठे पाहुणे येणार होते. काचा ओक्याबोक्या दिसतात म्हणून मोठ्या डॉक्टरांच्या हुकमाने प्रत्येक काचेवर कोनाड्याच्या बाजूने एकेक मोठं रंगीत चित्र चिकटवलं. चित्रात एक हसरी सिस्टर, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आमची नजर सदैव तुमच्यावर!' थोरल्या सिस्टर खाली शस्त्रक्रियेच्या खोलीत होत्या. परत येऊन बघतात तो सगळ्या काचा बंद. त्या हे काय म्हणून विचारायला गेल्या, तर पाहुणे जाईपर्यंत राहू द्या असं उत्तर मिळालं.

त्याच दुपारी काकूंना पाणी हवं होतं. सवयीने त्यांनी हात वर केला. काचेपलीकडे सिस्टर येऊन बसल्या होत्या, हातभर अंतरावर, खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला. पण त्यांना दिसत होती ती चित्रातली हसरी बाई. काकूंचा हात वरच. बेल उशामागे लटकलेली, हाताला लागेना. मग त्यांनी पाय खाली सोडला, ताजी जखम असलेला पाय! माझ्या कडेवरून त्यांचं अंग घसरत होतं आणि मी ठोकळ्यासारखी उभी होते. त्या क्षणी मला माझ्या लोखंडाची चीड आली. काकूंनी धडपडत औषधांचा ट्रे ओढला, आणि तो खणखणत फरशीवर पडला.

सिस्टर आत आल्या तेव्हा काकू अर्ध्या बाहेर लोंबकळत होत्या. सिस्टरांनी त्यांना अलगद उचलून नीट निजवलं, पाणी पाजलं, जखम तपासली. वाचल्या होत्या. मग त्या कोनाड्यात गेल्या आणि नखांनी ते चित्र ओरबाडायला लागल्या.

"अहो, अहो! काय चालवलंय हे?" मोठे डॉक्टर आवाज ऐकून आले. "नवंकोरं होतं ते. चांगलं काळजीचंच लिहिलंय ना त्यावर? पुन्हा लावून घ्या."

"लावा की, डॉक्टर," काकू पडल्यापडल्या म्हणाल्या. "छान असेल. मी कुठे वाचलंय? तुमची काळजी तिकडून दिसते. माझ्या बाजूने नुसता पाठकोरा कागद."

मोठे डॉक्टर माझ्या उशाशी आले आणि काकूंच्या नजरेच्या दिशेने त्यांनी काचेकडे पाहिलं. उरलेल्या तुकड्याची पांढरी पाठ तिथे चिकटलेली होती. मग ते दुसऱ्या बाजूला गेले आणि नखाने तो तुकडा खरवडायला लागले.

तर मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी नकाशे काढेल, कोणी डॉक्टर होईल, कोणी असली चित्रं छापेल. माझी एकच विनंती आहे, आणि ती मी हात जोडून नाही, रागानेच करते. आजाऱ्यासाठी काहीही उभारण्याआधी बूट काढा, आडवे व्हा आणि तिथून काय दिसतं ते बघा. जागा मी देते.