किलमोरनला अक्षत

लग्नाचं आमंत्रण फोनवर करायचं नसतं. फोनवर वर्दी देतात. आमंत्रण म्हणजे धड साडी नेसून माणसाच्या घरी जायचं, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलायच्या, हातावर अक्षत ठेवायची आणि ‘येतो’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. बार्शीला माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी आडत दुकान भावाच्या स्वाधीन करून गावभर अशी अक्षत दिली होती. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांच्याकडेही गेले. ते आलेही आणि जेवून पुन्हा भांडले.

हे मी अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगितलं, तेव्हा माझी लेक रुचा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, “आई, वी सेंट हर अ कार्ड. व्हेरी नाइस कार्ड.”

२००६ सालची गोष्ट. रुचाचं लग्न ऑक्टोबरात ठरलं होतं. मुलगा कोल्म, इथलाच, शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारा, उंच आणि जरा बुजरा. त्याची आई मॉरीन तीस वर्षांपूर्वी आयर्लंडहून नर्स म्हणून आली आणि इथलीच झाली. मॉरीनची आई डेलिया अजून तिकडेच, किलमोरन नावाच्या जुन्या बाजारगावात एकटी राहत होती. वय ऐंशीच्या पुढे. कोल्मच्या लहानपणीची प्रत्येक उन्हाळी सुट्टी या आजीकडे गेलेली. आणि आजीनं लग्नाला यायला नाही म्हणून सांगितलं होतं.

“इट्स ओके,” कोल्म म्हणाला आणि पुढ्यातलं थालीपीठ कडेनं कुरतडत बसला. एरवी हा मुलगा तव्यावरून ताटात पडायच्या आत थालीपीठ संपवतो. त्याचं काही ओके नव्हतं, हे कळायला विज्ञान लागत नाही.

मी समोर बसलेल्या मॉरीनला विचारलं, “आई नक्की काय म्हणाली?”

“म्हणाली, आता या वयात मी कुठे येणार. तुम्ही मजा करा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आय अंडरस्टँड.”

“आणि पुढे?”

“पुढे काय? तिचा निर्णय आहे, सुवर्णा.”

मी कपाळाला हात लावला. म्हातारं माणूस ‘आता मी कुठे येणार’ म्हणतं, म्हणजे ते नाही म्हणत नसतं. ते बघत असतं, तुम्ही किती ओढता ते. बार्शीत एखादी आजी असं म्हणाली असती, तर घरादारानं तिला उचलून गाडीत घातलं असतं आणि ती वाटभर कुरकुरत, अतिशय आनंदात आली असती. इथे पोटच्या पोरीनं एकदा विचारलं आणि फोन ठेवला. तीस वर्षं अमेरिकेत राहिलं की माणूस असं होतं, असं मी मनात म्हटलं. मला अमेरिकेत सत्तावीस झाली होती, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

“मी आणते तिला,” मी जाहीर केलं.

माझे यजमान मोरेश्वर चष्मा काढून पुसायला लागले. ते घाबरले की चष्मा पुसतात.

“आई, शी सेड नो,” रुचा म्हणाली. “यू हॅव टु रिस्पेक्ट दॅट.”

“रिस्पेक्ट करायलाच चालले आहे. अहो, तिकिटं बघा.”

एप्रिलमध्ये आम्ही दोघं निघालो. नारळ न्यायचं मनात होतं, पण विमानतळावर कुणी कापून बघायला नको म्हणून सुपारीवर भागवलं. चांदीच्या कोयरीत अक्षत घेतली. आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर उतरून गाडी भाड्यानं घेतली. मोरेश्वरांना वाटत होतं, डावीकडून चालवायची म्हणजे पुण्याची सवय कामाला येईल. पण पुण्यात ते स्कूटर चालवायचे, आणि पुण्यात डावी-उजवी बाजू हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग असतो. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती आणि मधून एकच गाडी जाईल असा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की ते रामाचं नाव घेत आणि मी ट्रॅक्टरवाल्याला हात करत असे. तोही करायचा.

किलमोरन पाहिलं आणि मी गावाला ओळखलं. ओळखलं म्हणजे जात ओळखली. मोठा रस्ता मध्ये ऐसपैस रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद, म्हणजे बाजाराच्या दिवशी जनावरं बाहेर पळू नयेत. मधोमध दगडी बाजारघर, खाली कमानी, वर घड्याळ. कमानींखाली पूर्वी लोणी आणि धान्य तोलत, आता तिथे प्रवाशांना फुकट नकाशे देतात. पण त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता आणि चौक भरलेला होता. कोबीची रोपं, अंडी, रबरी बूट, पिंजऱ्यात कोंबड्या. एका बटाटेवाल्याला मी भाव विचारला, तर त्यानं आधी मी कुठली, कुणाकडे आले, पाऊस कधी थांबेल असं मला वाटतं, एवढं सगळं विचारून घेतलं आणि मग भाव सांगितला. मला भरून आलं. पार्सिपनीच्या दुकानात भाव पिशवीवर छापलेला असतो, त्याच्याशी काय बोलणार?

डेलियाआजीचं घर चौकातच होतं, निळ्या दाराचं. बाई लहानखुरी, काटक, करड्या स्वेटरवर ॲप्रन. आम्ही येणार हे मॉरीननं कळवलं होतं, कशासाठी ते मात्र कळवू नकोस असं मी बजावलं होतं. तिनं आम्हाला शेगडीजवळ बसवलं आणि विचारलं, “चहा घेणार?”

“यस, प्लीज. विथ मिल्क,” मोरेश्वर म्हणाले.

मी त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि म्हटलं, “छे, छे, मला नको. विमानातच झाला.”

“घोटभर घे.”

“कशाला उगाच त्रास.”

“त्रास कसला, किटली चढवलेलीच आहे.”

“बरं, अगदी अर्धा.”

तिनं मला काठोकाठ भरलेला चहाचा मग दिला, सोबत लोणी थापलेला पाव आणि फळांचा केक. मोरेश्वरांना दुधाचा चहा मिळाला, पण केकचा मोठा तुकडा माझ्या बशीत पडला. या घरात आपलं चालणार, हे मी तिथेच जाणलं.

मग गप्पा सुरू झाल्या. तिचा नवरा जनावरांच्या बाजारात मध्यस्थ होता. घेणारा आणि देणारा भावावर अडले की हा दोघांचे हात धरायचा आणि एकमेकांवर आपटायचा. टाळी वाजली की सौदा पक्का. मी तिला सांगितलं, आमच्याकडे जुन्या काळी सौदा उपरण्याखाली व्हायचा. दोघांनी हात कापडाखाली घालायचे आणि बोटांनी भाव बोलायचा.

“कापडाखाली? मग बाकीचे काय बघायचे?”

“तोंडं.”

डेलियाआजी हसली ती डोळे पुसेपर्यंत हसली. आता वेळ झाली, असं मला वाटलं. मी उठले, पदर खांद्यावर घेतला, सुपारी आणि अक्षत तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, “आमच्या रुचाच्या आणि तुमच्या कोल्मच्या लग्नाला यायचं. तुम्ही आल्याशिवाय मांडवाला शोभा नाही.”

“मी? या वयात कुठे मी. तुम्ही मजा करा.”

“तुमच्याशिवाय कसली मजा? यायचंच.”

“कोंबड्या कोण बघेल?”

“शेजारी बघतील. चौकात तुमचं नाव घेतलं की सगळे ओळखत होते, ते काय उगाच?”

“गुडघा धरतो गं. विमानात एवढा वेळ बसायचं म्हणजे...”

“माझाही धरतो. तेल आणलंय, जाताना देऊन जाते. कोल्म थालीपीठ टाकून उठला तुमच्यापायी. पोराला एवढं दुःख द्यायचं नसतं.”

कोल्मचं नाव लागलं तिला. ॲप्रनला हात पुसत म्हणाली, “मॉरीननं विचारलं होतं, नाही असं नाही. दुकानात पिशवी हवी का विचारतात ना, तसं.” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तू समुद्र ओलांडून आलीस. तुझ्या आईबापांनी शहाणी वाढवली तुला. आई आहे?”

“आहे. बार्शीला, माझ्या भावाकडे. ब्याऐंशीची आहे.”

“अरे वा, माझ्याच वयाची. मग लग्नात तिच्याशेजारी बसेन मी.”

“ती येणार नाहीये.” मी घाईनं म्हटलं. “तिला प्रवास झेपत नाही. नाही म्हणाली ती.”

डेलियाआजीनं हातातला मग खाली ठेवला. “काय म्हणाली नक्की?”

मी सांगायला लागले. संक्रांतीला मी आईला फोन केला होता. एकीकडे ओट्यावर तिळाचा पाक बघत लग्नाचं सांगितलं. येशील का, असंही म्हटलं. आई म्हणाली होती, ‘आता या वयात मी कुठे येणार. तुम्ही करा थाटात.’ आणि मी म्हटलं होतं, ‘बरं, तब्येतीला जप.’ पाक पुढे जाईल म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर मला वाटत राहिलं, आईला उगाच भरीस घातलं नाही, किती समजूतदार आहे मी.

“किती वेळा विचारलंस?” डेलियाआजीनं विचारलं.

मोरेश्वरांनी चष्मा काढला.

“एकदा,” मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॉरीनला मी आपल्या स्वयंपाकघरात बसून मनातल्या मनात शिकवत होते, तीस वर्षं अमेरिकेत राहिलं की माणूस कसा होतो ते.

डेलियाआजी रागावली नाही. तिनं माझ्या कोयरीतली अक्षत बोटांनी दोन वाटण्या केल्यासारखी सरकवली. एक वाटणी स्वतःच्या मुठीत घेतली. “ही माझी. उरलेली तुझ्या आईची. ती येत असेल तर मी येते. तरुण पोरांच्या नाचात मला एकटीला बसवायचं नाही. आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं कळणार नाही म्हणतेस? तेच बरं, भांडण व्हायची सोय नाही.” मग तिनं तळहात पुढे केला. “मार टाळी.”

मी मारली. चौकातल्या बाजारापर्यंत ऐकू गेली असेल.

पार्सिपनीला परतल्यावर सकाळी चहासुद्धा न घेता मी बार्शीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. भाऊ अतुल म्हणाला, आई गच्चीवर आहे, थांब, वर नेऊन देतो.

“आई, मी येतेय,” मी म्हटलं. “तुला अक्षत द्यायला. रुचाच्या लग्नाची.”

“काही नको. एवढ्या लांबून अक्षत द्यायला कुणी येतं का? पैशाला काही किंमत?”

“मी येणार आहे.”

“उन्हाळा कसला पेटलाय इथे. तुला नाही सोसायचा.”

“सोसेन. आणि अक्षत देऊन मी एकटी परत जाणार नाही. तुला घेऊन जाणार. आयर्लंडच्या एका बाईला शब्द दिलाय, तू आलीस तर ती येणार. नाहीतर माझ्या जावयाचं तोंड लग्नातसुद्धा उतरलेलं राहील.”

मला तिच्या चालण्याचा आवाज ऐकू आला. चपलांचा नव्हे, काहीतरी जाडजूड, सावकाश.

“आई, पायात काय घातलंयस?”

“बूट,” ती म्हणाली. “संक्रांतीला तुझा फोन झाला ना, त्याच आठवड्यात अतुलला आणायला लावले. पासपोर्टही केलाय त्यानं. विमानतळावर फार चालावं लागतं, शेजारच्या देशपांडेबाई सांगत होत्या. रोज संध्याकाळी गच्चीवर घालून फिरते. आधी फार चावायचे, सुवी. आता नाही चावत.”

मी मोरेश्वरांना हातानंच खूण केली, तिकीट काढा.

“अगं, पण तू कशाला इतक्या उन्हाची येतेस,” आई तिकडून म्हणत होती. “नको येऊस, खरंच नको.”

“येतेय,” मी म्हटलं. “पहिल्या विमानानं येतेय.”